सोमा नावाड्याची हाक

चाळीसगावच्या बसस्टँडसमोर चुडामण नानांनी नुसतं "अर्धा चहा, साखर बेताची" एवढंच म्हटलं, आणि बाकावर बसलेल्या एका पोराने कानातली बोंडं काढून त्यांच्याकडे असं पाहिलं, की नानांना वाटलं आपल्या खांद्यावर पाल पडली. त्यांनी खांदा झटकलासुद्धा.

"पुन्हा बोला," पोरगा म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. तुम्हीच ना ते? सोमा नावाडी?" मग इकडेतिकडे बघत आवाज खाली आणून, "का राजा?"

नाना भाचीच्या साखरपुड्याला आले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता, हातात पेढ्यांचा पुडा होता, आणि या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. दोन्ही मीच, असं ते म्हणाले. वर्षभर तेच तर करत होते ते. पण पोराचा चेहरा एकदम उजळला, जणू त्याने पैज जिंकली होती. चहाचे पैसे त्यानेच दिले. मोबदल्यात त्याला एकच गोष्ट हवी होती. विहंगचा खरा बाप कोण?

नाना म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. पोरगा समजूतदारपणे हसला. सांगायची बंदी असणार, ते तो समजू शकतो म्हणाला. एवढं बोलून त्याने नानांच्या पायाला हात लावला, आणि जळगावची गाडी लागली तेव्हा नानांना खिडकीची जागासुद्धा धरून दिली. त्या खिडकीत बसून पाचोरा जाईपर्यंत नाना एकच विचार करत राहिले. आपण दोन्ही आहोत म्हणालो, त्यात त्या पोराला एवढा आनंद कशाचा झाला?

चुडामण नाना हे काही नट नव्हते. साक्रीच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव. बापाची बैलगाडी होती आणि शेत पावसाच्या भरवशावरचं. मिसरूड फुटायच्या आत ते धुळ्याला आले, मोतीलालशेठच्या मंडप-लाउडस्पीकरच्या धंद्यात वायरी उचलायला. एकदा यात्रेत बोलणारा माणूस आजारी पडला आणि शेठने भोंग्याचा माइक याच्या हातात दिला. सापडलेल्या एका पोरीला कडेवर घेऊन चुडामण पहिल्यांदा बोलला, "हिरवा परकर, पायात एकच चप्पल, नाव सांगता येत नाही. हे पोर कोणाचं आहे त्यांनी मंडपात येऊन घेऊन जावं." अख्खी यात्रा क्षणभर थांबली म्हणतात. आवाजच तसा होता, नव्या माठातल्या पाण्यासारखा. पोरीची आई धावत आली, पोरगी घेऊन गेली. भोंग्याकडे वळून कोणी पाहिलं नाही. भोंग्याशी कोण बोलतं?

पुढे जळगावला आले, रिक्षातून जाहिराती करू लागले. सेल, सर्कस, दवाखान्यांची शिबिरं, निवडणुका. आधी स्वतः रिक्षात बसून बोलायचे. मग कॅसेट आली, मग मेमरी कार्ड. आता नाना एकदा बोलून घरी जात आणि त्यांचा आवाज गावभर एकटा हिंडे. भाजी घ्यायला निघाले तर सिग्नलला समोरून स्वतःच येत, "जहांगीरभाईंच्या गाद्या, उशा, रजया, असली कापूस, घरपोच." ताईबाई, त्यांची बायको, हसून अहिराणीत म्हणायची, की नवरा बाजारात शे आणि पिशवीबी माले धरनी पडी राहिनी.

जहांगीरभाईंचा पोरगा उजैर. खाली बापाचं कापूस पिंजायचं मशीन, वर पोराची रेकॉर्डिंगची खोली. खोलीच्या चारी भिंतींना त्याने दुकानातल्याच गाद्या लावल्या होत्या, म्हणजे बाहेरचा आवाज आत येत नाही आणि बापाचा माल पडून राहिला तरी तक्रार होत नाही. पण मशीनचा धडधडाट गाद्यांनाही जुमानत नसे. म्हणून कामाची वेळ एकच. जहांगीरभाई दुपारच्या नमाजला जात, तिथून घरी जेवायला. तेवढा वेळ मशीन बंद. नेमकी तीच जळगावची भाजून काढणारी वेळ, आणि पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखाही बंद. राजे, मांत्रिक, सेनापती सगळे बनियनवर बसून युद्ध करत.

मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने फोनवर ऐकायची मराठी मालिका मागितली होती, 'काळडोहाचा वारस'. उजैरची बहीण कहकशा डी.एड. होऊन घरी बसली होती, ती लिहायला लागली. कंपनीकडून गोष्टीचा सांगाडा येई, मांस ही भरायची. काळा डोह, डोहाकाठचं राज्य, आणि नावाड्याच्या घरी वाढलेला विहंग नावाचा मुलगा, ज्याच्या तळहातावर निळी रेघ होती. विहंग उजैर स्वतः करायचा. आणि सोमा नावाडी, विहंगला डोहातून उचलून वाढवणारा, तो चुडामण नाना.

नानांना पहिल्या दिवशी काही सुचेना. कागदावर लिहिलं होतं, सोमा चिखलात रुतलेली नाव ढकलतो, जोर लावतो. नाव ढकलताना माणूस कसा ओरडतो ते नानांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांच्या गावाला तर पोहता येईल एवढं पाणीसुद्धा नव्हतं. म्हणून त्यांनी बापाचं आठवलं, गाडी गाळात रुतली की बाप करायचा ते. जिभेच्या टाळूवर दोन टिचक्या, टॉक् टॉक्, आणि मग पोटातून उठलेलं, "हीऽऽर्र हो." उजैर खूश झाला. राहू दे, म्हणाला, झकास आहे.

त्याच आठवड्यात राजा मेघवर्म्याच्या मरणाचा प्रसंग होता. राजा करणारे प्राध्यापक लग्नसराईत अडकले, फोन उचलेनात. जहांगीरभाई कुठल्याही क्षणी जेवून परत येणार होते. उजैर म्हणाला, नाना, चार वाक्यं आहेत, तुम्हीच मारून टाका राजाला. नानांनी आवाज जड केला आणि राजा झाले. राजा घोड्यावर बसून शत्रूवर तुटून पडतो. आता घोडा म्हणजे जनावरच. नानांच्या तोंडून आपसूक निघालं, टॉक् टॉक्, हीऽऽर्र हो.

पुढे राजाच्या आठवणी निघत, त्याही नानांकडेच राहिल्या. एवढीच काय ती गोष्ट. पण ऐकणाऱ्यांच्या कानाला लाख डोळे असतात.

नाना चाळीसगावहून परतले त्या दुपारी कहकशाने त्यांना फोनवर दाखवलं. भागाखाली लोकांनी पानंच्या पानं लिहून ठेवली होती. कोणीतरी दोन्ही हाका एकामागोमाग एक लावून ऐकवल्या होत्या. राजा मेलाच नाही, तोच वेष पालटून नावाडी झाला, आणि आपल्याच पोराला परका म्हणून वाढवतो आहे, हा एक पक्ष. त्यावर दुसरा पक्ष म्हणे, राजाचं प्रेत डोहात मिळालं होतं. पहिला विचारी, प्रेत पाहिलं कोणी? तिसरा म्हणे, ऐकायच्या मालिकेत प्रेत पाहणार कसं, शहाण्यांनो. मधेच एक बाई ठामपणे सांगून गेली होती, की बाप डोहातला नाग आहे, निळी रेघ नीट आठवा. धुळ्याच्या एका लग्नात म्हणे पंगतीत दोन साडू यावरून भांडले आणि एकाने जिलेबी परत केली.

नानांनी चष्मा वर करून सगळं वाचलं, मग पुन्हा वाचलं. "कहकशा," ते म्हणाले, "बेटा, मी कोण आहे मग?"

"नाना, मला आधी वाटत होतं राजाच बाप," ती म्हणाली. "ते लोकांनी ओळखलं, म्हणून कंपनीने बदललं. आता जे बदललं तेही ओळखलंय."

"काय बदललं होतं?"

"तेही आता बदललंय ना," कहकशा म्हणाली, आणि तिने डोकं धरलं.

घरी ताईबाई कुरडया वाळत घालताना मालिका ऐके. तिला विचारलं तर ती वेगळ्याच गावाला निघाली होती. "पोऱ्यानी माय कोठे शे, हाई कोनी इचारत नई," ती म्हणाली. "बठ्ठा जण बापलेच धुंडी ऱ्हायनात." सगळे बापामागे, आईचं नावच नाही. हे तर त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. गोंधळ होता त्यात एक खोली वाढली.

मग हिलालचं आलं. हिलाल म्हणून कोणी शेतकरी, साक्रीकडचा. त्याने अहिराणीतच लिहिलं होतं, "हाई हाक घोडानी नई, बैलस्नी शे. गाडी गाळमा फसनी की आमनाकडे अशी हाक मारतस. आनि हाक घरनी ऱ्हास. बाप पोऱ्याले देस." म्हणजे राजा आणि नावाडी एक माणूस नव्हेत, दोघं एकाच बापाचे, भाऊ-भाऊ. नावाडी हा विहंगचा सख्खा काका, असा त्याने निकाल देऊन टाकला होता.

लोक त्याला हसले. राजवाड्यात बैल कुठून येणार, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने लिहिलं, भाऊ, आधी गोठा साफ करून या. हिलालने शांतपणे उत्तर दिलं होतं, की गोठा साफ करीसनच बसेल शे.

नाना मात्र हसले नाहीत. हिलालचं खरं होतं. त्यांच्या भागात प्रत्येक घराची हाक निराळी. अंधारात रस्त्यावर गाडी ऐकली तरी कोणाचं घर चाललंय ते कळायचं. बैलसुद्धा दुसऱ्या घरच्या हाकेला मान हलवत नसत. पोरगा कासऱ्याला हात लावण्याजोगा झाला, की बाप त्याला पुढे बसवून हाक शिकवी. शिकवी म्हणजे तरी काय, शेजारी बसून मारत राही, एक दिवस पोराच्या तोंडातून आपोआप निघे. नानांना तशीच मिळाली होती. पुढे त्यांनी ती कोणाला दिली नव्हती. दोन्ही पोरी सासरी सुखात होत्या, आणि रिक्षाला हाक लागत नाही.

कंपनीच्या बाईंचा फोन आला तो याच आठवड्यात. उजैरने स्पीकरवर लावला. बाई म्हणाल्या, लोकांचा फार गोंधळ होतो आहे, एकाच माणसाने दोन पात्रं करणं हे गरिबीचं लक्षण दिसतं. यापुढे राजा एकाने करायचा, नावाडी दुसऱ्याने. चुडामणजींनी कुठला ठेवायचा ते त्यांनी ठरवावं. लोकांना राजा हवाय, त्यामुळे राजाच्या जुन्या आठवणींचे पुष्कळ भाग होणार. नावाडी येत्या काही भागांत मरतोय.

फोन ठेवल्यावर उजैर नानांच्या जवळ सरकून बसला. "सरळ राजा घ्या, नाना. राजा मेलेलाच आहे, त्याला काही धोका नाही. सोमा जिवंत आहे म्हणून मरणार."

हिशेब बिनतोड होता. राजा घेतला तर वर्षभर काम. सोमा घेतला तर एक मरण, आणि मग पुन्हा गाद्या, उशा, रजया. नाना त्या दिवशी घरी चालत गेले. वाटेत त्यांचाच आवाज रिक्षातून गेला. आज त्यांनी तो नीट ऐकला. चांगला होता, स्पष्ट होता. बोलून पुढे निघून गेला. कोणी त्याला काही म्हटलं नाही. राजाचंही तसंच होतं, एकटाच बोलायचा, सैन्याला, आकाशाला, आरशाला. सोमाशी मात्र विहंग बोलायचा. "आबा, जेवलात का," असं विचारायचा. कागदावर लिहिलेलं असायचं म्हणून विचारायचा, हे नानांना कळत होतं. पण उजैर ते विचारताना त्यांच्याकडे बघायचा, आणि नाना खरोखरच आठवायचे, की आज आपण जेवलो का.

दुसऱ्या दिवशी ते कहकशाला म्हणाले, "सोमाला ठाऊक आहे का, पोरगा कोणाचा ते?"

"तसं लिहिलेलं नाही, नाना."

"मरताना मी त्याला हाक मारणार. काय म्हणून मारू?"

"विहंग म्हणा."

"ते नाव झालं. मी विचारतोय काय म्हणून. पुतण्या म्हणून, पोरगा म्हणून, का नुसताच सापडलेला म्हणून? आवाज निराळा लागतो ना."

कहकशाने पेनचं टोपण लावलं, काढलं. मग नाना म्हणाले, "राजा प्राध्यापकांना द्या. मी सोमा ठेवतो."

उजैर काहीतरी बोलणार होता. कहकशाने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

मरणाचा भाग संध्याकाळी लागायचा होता आणि दुपारीच रेकॉर्ड करत होते, त्यांचं नेहमी तसंच चाले. जहांगीरभाई मशीन थांबवून गेले. पंखा बंद झाला. बसून मरण येईना, म्हणून नाना खाली गादीवर आडवे झाले आणि उजैरने माइक त्यांच्या तोंडाशी वाकवला. कहकशा पडद्यापलीकडे कानाला यंत्र लावून बसली.

"आबा," विहंग म्हणाला, "आता तरी सांगा. माझा बाप कोण?"

"पोरा," सोमा म्हणाला. ते कागदावर नव्हतं. "तुझा बाप..." आणि तो मेला.

त्या जागी नाना वाचनाच्या वेळी अडले होते. एवढं बोलून मरणाऱ्या माणसाला आणखी दोन शब्द बोलायला काय होतं, असं त्यांनी विचारलं होतं. कहकशा म्हणाली होती, ते दोन शब्द मला माहीत असते तर मी त्याला मारलंच नसतं.

पुढे लिहिलं होतं, विहंग रडत नाही; एकटा उठतो, चिखलात रुतलेली नाव ढकलतो, जोर लावतो. उजैरने श्वास भरला. त्याने काय करायचं ते ठरवलेलं नव्हतं, नंतर तो शपथेवर तसं सांगायचा. त्याच्या टाळूवर जीभ वाजली, टॉक्, आणि लगेच, "हीऽऽर्र..."

एकच टिचकी.

गादीवर मेलेल्या नानांचे डोळे उघडले. एका टिचकीला बैल मान वर करतो, पाय उचलत नाही. विचार करायला वेळच नव्हता, बापाचा हात पाठीवर पडावा तसं त्यांच्या तोंडून हळूच आलं, टॉक् टॉक्, हीऽऽर्र हो. उजैरने त्यांच्याकडे न बघताच पुन्हा मारली. या वेळी दोन टिचक्या, बरोबर. शेवटचा 'हो' दोघांचा एकत्र पडला.

 माइकवरचा लाल दिवा तसाच जळत होता.

"चुकलं बेटा," नाना उठून बसत म्हणाले. "मी मेलो होतो. पुन्हा घे."

उजैरने बटणाकडे हात नेला आणि खालून मशीन सुरू झालं. त्या दिवशी जहांगीरभाई लवकर जेवले होते. भिंतीच्या गाद्यांतून धडधड वर चढली. कहकशा पडद्याआडून आली. वेळ नव्हती, भाग संध्याकाळी लागायचाच होता. मेलेल्याची हाक कापली तर पोराचीही जात होती, एकात एक गुंतली होती.

"राहू दे," ती म्हणाली. "कळणार नाही कोणाला."

आपण काय बोलतोय हे तिलाही ठाऊक असावं.

दुसऱ्या दिवशी नाना आले ते हिशेब मिटवून रामराम करायला. सोबत ताईबाईने कुरडया दिल्या होत्या. वर पाहतात तर बहीण-भाऊ एका फोनवर डोकं लावून बसलेले. सोमा मेला नाही, असं निम्मे लोक म्हणत होते. मेला आणि त्याचा आत्मा नाव ढकलतोय, असं उरलेले. नागवाल्या बाईंनी सगळं नागाचंच ठरवलं होतं. आणि कोणाच्या तरी ध्यानात आलं होतं, की आता विहंगही तीच हाक मारतो. हिलालच्या गोठ्याला हसलेले लोक त्याला शोधत आले होते, भाऊ सांगा, याचा अर्थ काय? हिलालने एवढंच लिहिलं होतं, "हाक कोनी दिनी ते दखा. मी बैल सोडाले चालनू." हाक कोणी दिली ते बघा, आणि तो बैल सोडायला निघून गेला होता.

नानांनी उजैरला विचारलं, "तुला ती कुठून आली?"

उजैर कानामागे खाजवत म्हणाला, "ऐकून ऐकून बसली असेल, नाना. मला कुठे बैल हाकायचेत?"

कंपनीच्या बाईंचा फोन पुन्हा आला. आधी रागावल्या. मग म्हणाल्या, नावाडी ठेवा. पुढच्या भागात विहंग एकटा नाव वल्हवत असताना त्याच्याशी बोलू दे. फक्त तो जिवंत आहे की मेलेला, हे कोणाला कळता कामा नये.

"आणि विहंगचा बाप?" कहकशाने विचारलं.

ते नंतर बघू, असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

कहकशाने घाईघाईत चार वाक्यं लिहिली. खाली मशीन थांबलं. नानांनी सदरा काढून खुंटीला लावला, बनियनवर माइकसमोर बसले, कागद लांब धरून वाचला. विहंगचं पहिलं वाक्य होतं, "आबा, आहात का?" उत्तरादाखल सोमाने म्हणायचं होतं, "आहे ना पोरा." नानांनी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. मग चष्मा काढला.

"बेटा, एक सांग," ते म्हणाले. "हे बोलताना मी श्वास घेऊ, का नको?"

कहकशाने उजैरकडे पाहिलं. उजैर छताकडे, बंद पंख्याकडे बघत होता.

"अर्धा घ्या, नाना," ती म्हणाली.

नानांनी मान हलवली. कळलं होतं असं नाही. त्यांनी छाती भरू दिली, निम्म्यावर थांबवली, आणि पोराच्या हाकेची वाट बघत बसले.